मौनाची घंटा

खारवाडीची गोदूबाई चार महिने मौन धरणार ही बातमी आषाढात गावात फुटली, तेव्हा गावाने आधी पोटभर हसून घेतलं. पूर्णगडाच्या खाडीच्या आतल्या अंगाला, मातीच्या बांधाआड वसलेली ती पन्नास-साठ घरांची वाडी. बांधाला लागून शेवटचं घर गोदूबाईचं. ती आपल्या पडवीत बोलायला लागली की पार देवळाजवळच्या घरातलं तान्हं मूल जागं होतं, असं लोक म्हणत. तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तो होता तेव्हा घरात मौन त्याच्याकडे होतं.

व्रत केलं होतं ते मुलासाठी. एकुलता एक सखाराम मुंबईत गिरणीत होता. आदल्या वर्षी त्याचं काम सुटलं आणि सहा महिने तो खोलीच्या दारात बसून होता. गोदूबाईने देवाला बोलून ठेवलं, पोराला काम लागू दे, चातुर्मासात तुझ्यासाठी जीभ बांधून ठेवीन. वैशाखात काम लागलं. देवाने आपली बाजू पुरी केली, आता तिची पाळी होती.

व्रताची रीत तिने पूर्णगडच्या भटजींना विचारून घेतली. सकाळी अंघोळ झाल्यापासून दुपारचं जेवण उरकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हुंकार द्यायचा नाही, हाताने खूण करायची नाही. "मानेनं हो-नाही केलंस तरी मौन मोडलं म्हणून समज," भटजी म्हणाले. "आणि कार्तिकी द्वादशीला देवळात पितळेची घंटा बांधायची. तेव्हा व्रत पुरं."

पहिल्या आठवड्यात गोदूबाईने कितीदा तरी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. कोंबडी तुळशीत शिरली तरी ओरडून हुसकता येईना. पण बाई जिद्दीची. श्रावण उजाडेपर्यंत तिला सवय झाली आणि गावालाही. मग एक गंमत झाली. सकाळच्या वेळी बायका आपापली गाऱ्हाणी घेऊन तिच्या पायरीवर येऊन बसू लागल्या. उलट उत्तर न देणारी गोदूबाई गावाने जन्मात पाहिली नव्हती, तेव्हा जो तो हौस फेडून घेत होता. दुपारी जेवणानंतर मात्र सगळ्यांची उत्तरं ती एकदम देई, आणि त्या वेळी पायरीवर कोणी नसे.

गणपतीला सखाराम आला. पावसाळ्यानंतर सुरू झालेल्या पहिल्याच आगबोटीने आला. दहा दिवस आरत्या, मोदक, भजन झालं. अनंत चतुर्दशीला गणपती खाडीत पोचवून सगळे परत आले, आणि संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या गोदूबाई म्हणाली, "श्रावणापास्नं तोंडाला मासा नाय तुझ्या. परवा जाशील. उद्या खाडीची कोळंबी तरी पोटात जायला व्हवी. मुंबैत कुठली मिळायला?"

ती काय म्हणाली ते ती पुढे कधी विसरली नाही.

खारवाडीचं सगळं भात त्या बांधाच्या आत होतं. बांधाला एक दगडी तोंड होतं, त्याला उघाडी म्हणत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाचा आणि खाचांत बसणाऱ्या लाकडी फळ्या. ओहोटीला फळ्या वर काढायच्या म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती लागायच्या आधी फळ्या खाली घालायच्या म्हणजे खारं पाणी आत येत नाही. एवढंच काम, पण त्यावर गावाचं वर्षाचं पोट. म्हणून ते पाळीपाळीने एकेका घराकडे असे. त्या पंधरवड्याची पाळी धोंडूची होती. धोंडू म्हणजे खालच्या आळीतला तिशीतला गडी, बोलायला कमी आणि कामाला चोख. बायको राही आणि पाच वर्षांची मुलगी काशी.

आता फळ्या उचलल्या की पाण्याच्या लोंढ्याबरोबर कोळंबीही बाहेर निघते, आणि तोंडाशी जाळं धरलं की टोपली भरते, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तसं करायला बंदी होती, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. सखाराम पौर्णिमेच्या पहाटे जाळं घेऊन गेला. धोंडूने आदल्या संध्याकाळी बसवलेल्या फळ्या त्याने उचलल्या. कोळंबी भरपूर लागली. मग माणसाला होतं तसं झालं, आणखी एक खेप, आणखी एक खेप. सात वर्षं भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला उधाणाच्या भरतीची घाई आठवली नाही. पाणी उलटलं, आणि एकदा पाणी आत घुसायला लागल्यावर फळी खाचेत बसत नाही. दोन माणसांनी दाबली तरी बसत नाही. एक फळी तर त्याच्या हातातून सुटून आत शेतात वाहून गेली.

तो घरी आला तेव्हा फटफटत होतं. गोदूबाईची अंघोळ नुकतीच झाली होती आणि ओल्या लुगड्याचा पिळा तिच्या हातात होता. सखाराम छातीपर्यंत भिजलेला, हातात टोपली, तोंड पांढरंफटक. त्याने धडाधड सगळं सांगितलं आणि आईचे पाय धरले. "आवशी, कुनाला बोलू नको. माझी शपथ हाय तुला. बोलनार नाय ना?"

गोदूबाईने मान हलवली.

एका आईने मुलाला दिलेला होकार, दुसरं काय! तिला भटजी आठवले ते मुलगा आत गेल्यावर. पण मान हलवून झाली होती.

थोड्याच वेळात गावात ओरडा झाला. सगळी वाडी बांधावर धावली. पोटऱ्यांत आलेलं भात, आणि त्यात खाडी शिरतेय. पुरुष पाण्यात उतरले, फळ्या दाबल्या, पोती टाकली, दगड टाकले. पाण्याने सगळं उचलून आत फेकून दिलं. भरती दुपारी संपणार होती, तोपर्यंत बघत बसण्याखेरीज कोणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. बायका बांधावर बसून रडत होत्या. पाण्यात सगळ्यांत पुढे सखाराम होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता. गोदूबाईने हे पाहिलं आणि ती घरी परतली. दुपारी तिने कोळंबीचं कालवण केलं. तिला स्वतःला चातुर्मासात मासा चालत नव्हता. सखारामने मान खाली घालून जेवण केलं, आणि दोनदा कालवण मागून घेतलं. कोळंबीची टरफलं तिने परसात केळीखाली पुरली.

मिठाच्या सत्याग्रहाचा गाजावाजा होऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. खारवाडीला त्या वर्षी मीठ फुकटात मिळालं, तेही भाताच्या मुळाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखाराम पडावात बसून आगबोटीवर गेला, आणि त्याच सकाळी ग्रामदेव भैरीच्या देवळात गाव जमलं. गावकर रावजी पुढे बसले होते. गावचा मान त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. साठीचा, शांत, न्यायाला बरा माणूस. गुरव भागोजीने फुलांच्या पाकळ्या ओल्या करून ठेवल्या होत्या. देवाला कौल लावायचा, उजवी पाकळी पडली तर धोंडू निर्दोष, डावी पडली तर दोषी.

धोंडू मध्ये उभा होता. "सांजच्याला फळ्या मी सोता बसवल्या," तो म्हणाला. "फाटे पाऊस नव्हता, म्हनून उघडायला गेलो नाय. देवाच्यान मी हात लावलाय नाय." एवढं बोलून तो थांबला. त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं, आणि जे होतं ते सांगून झालं होतं.

"फळ्या काय पाय फुटून वर आल्या?" कोणीतरी मागून म्हणालं.

भागोजी पाकळ्या लावायला वळला तेव्हा रावजींनी हात वर केला. "थांब. जिथं मानसाची साक्ष मिळंल तिथं देवाला तरास देयाचा नाय, ही आपली रीत." त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. "गोदूवयनी, तुझं घर उघाडीला लागून. त्या फाटेला धोंडूबिगर दुसरा कोन तिथं दिसला काय?"

"तिचं मौन हाय," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या.

रावजींनी थोडा विचार केला. "मग असा करू. गावाच्या तोंडचा घास गेलाय. दुसरा कोन दिसला असंल तर वयनी, तू मौन मोड. त्याचं पाप गाव आपल्या डोक्यावर घेईल. आनि तू गप ऱ्हायलीस तर आमी समजू, दुसरा कोन नव्हता. देवाच्या दारात हाव आपन."

राही धोंडूच्या मागे, काशीला कडेवर घेऊन उभी होती. तिने गोदूबाईकडे पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती, उलट सुटका दिसत होती. गोदूकाकीचं घर उघाडीला लागून, काकी पहाटे उठते, काकीला माहीत असणार, आता काकी बोलेल. असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

गोदूबाईने समईकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, आगबोट आता जयगडच्या पुढे गेली असेल. नाव घेतलं तर सखारामला गाव बंद. उद्या मी मेले तर अग्नी द्यायलाही येता यायचं नाही त्याला. आणि व्रत मोडलं तर ज्याच्यासाठी केलं ते कामही जाईल. दिलेला शब्द वेगळाच. आणि शेवटी, मी खोटं कुठं बोलतेय? मी काहीच बोलत नाहीये.

ती गप्प राहिली. रावजींनी वाट पाहिली, चांगली शंभर आकडे मोजण्याइतकी पाहिली. मग ते उठले आणि देवासमोर हात जोडून म्हणाले, "बा भैरी म्हाराजा, आजपास्नं धोंडूच्या घराशी गावाचं पानी बंद, इस्तू बंद, बोलनं बंद. हा गावाचा निवाडा तू गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं गाव एका आवाजात म्हणालं.

देवापुढे गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी असं म्हणायचं असतं. त्या आवाजात गोदूबाईचा आवाज नव्हता. पण ते कोणाच्या लक्षात येण्याजोगं नव्हतं, तिचं मौन होतं.

दुपारी जेवण झालं आणि तिचं तोंड मोकळं झालं, तेव्हा पंचाईत सुरू झाली. शेजारणी येऊन बसल्या आणि धोंडूला शिव्या घालू लागल्या. गोदूबाईला हूं म्हणवेना आणि गप्पही बसवेना. संध्याकाळी तिने गुरवाच्या बायकोला सांगून टाकलं, "गावावर संकट आलंय. मी कार्तिकीपातूर अख्खा दिवस मौन धरनार."

गाव थक्क झालं. लोक तिच्या पाया पडू लागले. भागोजी गुरव म्हणाला की असं व्रत आपल्या आज्याच्या वेळेपासून कोणी केलं नाही. एका बाईच्या चोरीला गावाने पुण्य म्हणून डोक्यावर घेतलं, आणि तिला तोंड उघडून नाही म्हणायचीही सोय राहिली नाही.

वाळीत टाकणं म्हणजे मारहाण नव्हे. कोणी धोंडूच्या घरावर दगड टाकला नाही, कोणी वाकडा शब्द बोललं नाही. कोणी कसलाच शब्द बोललं नाही. विहिरीवर राही आली की बायका घागर अर्धी ठेवून निघून जात, आणि ती विहीर सोडून दूरच्या पऱ्ह्यावर, ओढ्याच्या पाण्याला, जाऊ लागली. वाण्याने मीठ दिलं नाही. न्हाव्याने धोंडूच्या दाढीला हात लावला नाही. पोरांनाही घरातून ताकीद होती. काशी खेळायला आली की पोरं उठून दुसरीकडे जात, ती तिकडे गेली की तिसरीकडे.

पऱ्ह्याची वाट गोदूबाईच्या दारावरून जात होती. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी राही येताना थांबली, घागर खाली ठेवली आणि पायरीवर बसली. गोदूबाई पडवीत भात पाखडत होती. तिचा हात थांबला.

"काकी, बसू काय थोडी?" राही म्हणाली. आणि स्वतःच हसली. "तू काय बोलायची नाय म्हना. म्हनून तर आले. तू कुनाशीच बोलत नाय, तवा माझ्याशी नाय बोललीस तर मला काय वाटत नाय. बाकीच्यांचं गप ऱ्हानं अंगाला लागतं गो. तुझं नाय लागत."

गोदूबाई पुन्हा सूप हलवू लागली.

त्या दिवसापासून राही रोज येऊ लागली. गावाच्या कायद्यातही ते बसत होतं, कारण गोदूबाई तिच्याशी बोलत नव्हती. ती आपली एकटी बोलायची. धोंडूने दाढी स्वतःच केली आणि हनुवटी कापून घेतली. तांदूळ पूर्णगडहून आणावे लागतात. माहेरची माणसं आली होती, ती वेशीवरूनच परत गेली. अशा गोष्टी. कधी कधी ती साध्याच गोष्टी बोले, भोपळ्याला फूल आलं, कोंबडीने अंडी कुठे घातली. गोदूबाईला तेच जास्त झोंबे. बोलायला माणूस नसल्यामुळे ही बाई भोपळ्याच्या फुलाची बातमी आपल्याकडे घेऊन येते, हे तिला समजत होतं.

एकदा राहीच्या मागोमाग तिची कोंबडी परसात शिरली आणि केळीखाली उकरू लागली. वाळलेली टरफलं वर आली. राहीचं तिकडे लक्षच नव्हतं. गोदूबाई उठली, कोंबडी हाकलली, वर राखेची पाटी ओतली आणि परत येऊन बसली.

"काशी आता कोंबड्यांशी बोलते," राही सांगत होती. "एकेकीला नाव ठेवलंन. तू राधा, तू ठकू, तू गोदूआजी. एका कोंबडीला तुझं नाव ठेवलंन हां काकी. का म्हंशील तर ती वरडत नाय." राही हसली, आणि मग हसू पुरतं व्हायच्या आत रडायला लागली. "आनि ह्यांनी तर बोलनंच सोडलानी. घरात पन बोलत नाय. मानसाशी कोन बोलला नाय की मानूस सोताच गप होतो काय गो काकी? मी म्हनते, तुमी फळ्या उचलल्यात नाय ना, मग मान खाली का? तर आता म्हनतात, मलाच आठवत नाय नीट. असतील उचलल्या."

गोदूबाईने तोंड उघडलंही होतं. पण राही डोळे पुसत म्हणाली, "नको नको, बोलू नको. तुझं मौन मोडायला नको माझ्यापायी. तेवढं पाप नको." आणि घागर उचलून गेली.

त्या दिवशी गोदूबाई जेवली नाही. चुलीपुढे बसून तिने स्वतःला खरं खरं विचारलं. व्रत राहिलंय कुठे? ते त्याच पहाटे मोडलं होतं, मान हलवली तेव्हा. त्यानंतरचं सगळं नुसतं तोंड बंद ठेवणं. सखारामने विचारलं तेव्हा मान हलली, आणि रावजींनी विचारलं तेव्हा मात्र भटजी आठवले. ती स्वतःवरच इतकी संतापली की तिने हातातली पळी भिंतीवर फेकली. पळीचा आवाज झाला, पण तोंडातून आवाज निघाला नाही. मुलगा मुंबईत होता आणि त्याचं काम चालू होतं. आईचं मन त्या एका गोष्टीला धरून बसलं होतं.

दिवाळीनंतर आगबोटीने घंटा आली. सखारामने गावच्या माणसाबरोबर पाठवली होती, चांगली दोन शेर वजनाची, पितळेची, वर नाव कोरलेली. निरोप एवढाच, "आवशीला म्हनावं, नीट राव."

कार्तिकी द्वादशीच्या सकाळी राही पायरीवर आली. आज तिने घागर आणली नव्हती. "उद्याच्या मचव्यानं आमी जातंव," ती म्हणाली. "मुंबैला. ह्यांचा मावसभाव गोदीत हाय. घराला कुलूप लावायचं, जमीन पडली तर पडू दे. म्हटलं तुला सांगून जाऊ. गावात सांगायला दुसरा कोन हाय?" मग ती उठली, आणि वाकून गोदूबाईच्या पाया पडली. "तू व्हतीस म्हनून मी वेडी झाले नाय, काकी. तुझी घंटा ऐकून जाऊ. आत नाय, गडग्याबाहेरनं."

गोदूबाईने पाय मागे घेतले. राहीला वाटलं, व्रतवाली बाई, विटाळ नको म्हणून घेतले असतील.

दुपारी सगळं गाव देवळात जमलं. भटजी पूर्णगडहून आले होते. घंटा सभामंडपाच्या तुळईला बांधून झाली होती, पण अजून कोणी वाजवली नव्हती. रीत अशी ठरली की रावजी गाऱ्हाणं घालतील, शेवटी गोदूबाई सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणेल, तो तिचा मौनानंतरचा पहिला शब्द, आणि मग तिच्याच हाताने घंटा. लोकांना त्या पहिल्या शब्दाचं भारी अप्रूप होतं. आवळा आणि चिंचा लावलेल्या तुळशीकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं.

रावजी उभे राहिले. "बा भैरी म्हाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या दारात गोळा झाली हत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या माऊलीनं चार म्हयने जिभेवर ताबा ठेवलान, गावाच्या संकटात अख्खा दिवस मौन धरलान, ती तिची सेवा गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या लेकराला मुंबैत सुखी ठेव, त्याच्या हातच्या कामाला यश दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि मग रावजींचा आवाज चढला. भाताच्या पेंढ्या करपून काळ्या पडलेल्या त्यांनीही पाहिल्या होत्या, त्यांच्याही घरी त्या वर्षी विकतचे तांदूळ होते. "आनि ज्यानं उघाडी उघडलान, गावाच्या तोंडचा घास खाऱ्या पान्यात घातलान, त्याच्या तोंडचा घास काढून घे. त्याच्या हातचं काम जाऊ दे. त्याला गाव ना शीव, घर ना दार असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

गडग्याबाहेर, देवळाच्या दगडी कुंपणापलीकडे, राही, धोंडू आणि काशी उभी होती. धोंडूचेही ओठ हलले. स्वतःला घातलेल्या शापाला त्यानेही होय म्हटलं, आणि ते उघड्या दारातून गोदूबाईने पाहिलं.

रावजी वळले. "वयनी, तुझा व्हय ऱ्हायला."

सगळे तिच्याकडे पाहत होते. गोदूबाई देवासमोर पुढे आली. दोन महिने न वापरलेला आवाज, आधी नुसता खरखरला. मग आला.

"नाय म्हाराजा."

त्या देवळात असा शब्द कोणी कधी उच्चारला नव्हता. रावजींना वाटलं, मौनाने बाईचं डोकं फिरलं.

"नाय म्हाराजा," गोदूबाई देवाकडेच पाहत म्हणाली. "उघाडी धोंडूनं उघडलान नाय. माझ्या सखारामानं उघडलान, कोळंबीसाठी. कोळंबी खा म्हनून मीच त्याला बोलले व्हते, म्हाराजा."

एवढ्या वर्षांची सवय. मागच्या रांगेतून एक म्हातारा आपसूक म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि मग घाबरून इकडेतिकडे पाहू लागला.

"रावजीभावजींनी इचारला तवा मी मौनाचं नाव सांगून गप ऱ्हायले. पन मौन मी पाळलंयच नाय. त्याच फाटेला सखारामापुढं मान हलवली, म्हाराजा. शाप देयाचा तर मला दे. पोराचं काम काढू नको." इथे तिचा आवाज फाटला. "आनि काढलंस तर काढ. पन धोंडूचा घास त्याला परत दे."

या वेळी कोणीच होय म्हटलं नाही. भटजी हळूच म्हणाले, व्रत भंग झालं, घंटा आता स्वीकारता येत नाही. भागोजी गुरवाने वर पाहिलं आणि म्हणाला, "बांधून झाली आता. तुळईवर परत कोन चढनार?" तसा हा माणूस व्यवहारी.

रावजी देवळाबाहेर गेले, गडग्याचं कवाड स्वतः उघडलं आणि धोंडूचा हात धरून त्याला आत आणलं. "धोंडू, गाव चुकला," ते म्हणाले. "मी चुकलो." धोंडू लहान मुलासारखा रडला.

निवाडा उलटला. पाच नारळ वाढवून धोंडूचं पाणी, विस्तव, बोलणं मोकळं झालं. मचवा त्यांना न घेताच गेला. बोलणं बंद झालं ते सखारामचं. तसं मुंबईत गिरणीच्या खोलीत दहा माणसं एकमेकांशी न बोलताच झोपतात, तेव्हा त्याला ते कितपत लागलं असेल कोण जाणे. पण पुढच्या गणपतीला तो आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. गोदूबाईला गावाने दंड केला नाही. देवासमोर स्वतः होऊन बोलली म्हणून सोडली. तिला दंड झाला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राही आली. नेहमीच्या पायरीवर बसली. गोदूबाई दाराला धरून उभी होती. आता तिला बोलता येत होतं, दोन महिन्यांचं साठलं होतं, सगळं सांगायचं होतं. पण आधी राहीच बोलली.

"मी हितं बसून रोज बोलत व्हते."

"व्हय."

"काशी कोंबड्यांशी बोलते म्हनून सांगितला. ह्यांना सोताचा भरवसा ऱ्हायला नाय म्हनून सांगितला. काल तुझ्या पाया पडले."

"व्हय गो बाय."

"तवा तू सगळं ऐकत व्हतीस."

गोदूबाई तिच्याशेजारी पायरीवर टेकली. तशी राही उठून गेली.

त्यानंतर राही गावात सगळ्यांशी बोलू लागली. ज्या बायका अर्धी घागर टाकून उठून जात होत्या त्यांच्याशी बोलली, वाण्याशी बोलली, मागून शेरा मारणाऱ्या माणसाच्या मुलीच्या लग्नात तिने हळदही लावली. विहीर मोकळी झाली होती, तरी ती पाण्याला पऱ्ह्यावरच जाई, सवयीने असेल किंवा मुद्दाम असेल. रोज सकाळी ती गोदूबाईच्या दारावरून जाई. गोदूबाई पायरी झाडून ठेवी, तिची चाहूल लागली की पडवीत येई आणि हाक मारी, "राही, बसतंस काय गो?"

एकदा काशी बरोबर होती. ती थांबली आणि आईचा पदर ओढत म्हणाली, "आये, गोदूआजी हाक मारते."

"ऐकलंय मी," राही म्हणाली, आणि घागर सावरून पुढे चालू लागली.